एक माप, नऊ सुपं

हौशा बंदरातल्या फू कारकुनाचा माणसांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. चेहऱ्याचं काय, तो उन्हाने करपतो, तापाने खंगतो, दाढी वाढली की बाप लेकाला ओळखत नाही. बोटं मात्र जन्मतात तशीच शवपेटीत जातात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. जकातनाक्याच्या दफ्तरात प्रत्येक खलाशाच्या नावापुढे वय, रंग, उंची लिहिलेली असायची आणि शेवटी दहा बोटांचा हिशेब. बोटाच्या टोकावरची रेघ गोल फिरून मिटली तर ते 'माप', एका बाजूला उघडी राहिली तर ते 'सूप'. गलबत जाताना जेवढी मापं आणि सुपं गेली तेवढीच परत यायला हवीत. एकाचा जरी मेळ बसला नाही तर तांडेलाला दंडुके, मालाची जप्ती, आणि त्या गलबताला जामीन राहिलेले शेजारचे मालकही सरळ आत.

आता खरं सांगायचं तर फू काही रोज उठून कोणाची बोटं मोजत नव्हता. तांडेलाकडून वेळेवर भेट पोचली की तो नुसती डोकी मोजून गलबत मोकळं करायचा. समुद्रापलीकडच्या लुझोन बेटाहून येणारे तांडेल त्याच्यासाठी मेण आणत, शार्कचे पर आणत, कोणी मोत्याचे शिंपले आणत. त्या उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा धरून ज्वांग तिंगबाओचं गलबत आलं आणि या कवडीचुंबकाने फूला काय पाठवावं, तर सुकवलेल्या कालवांची टोपली! हौशात जी कालवं दारोदार गोणपाटावर वाळत पडलेली असतात, तीच. फूने टोपली हुंगली, पायाने बाजूला सारली आणि दफ्तर पुढे ओढलं. आज बोटं बघू, म्हणाला. 

नाक्यावर आडव्या बांधलेल्या दोराच्या अलीकडे बायका उभ्या होत्या, त्यांत यीनियांग होती. तिचा नवरा ल्यान मूशंग थंडीत याच गलबतावर खलाशी म्हणून गेला होता. ही किनाऱ्यावर कालवं फोडायची. हात कायम चिरलेले, आणि जीभही तशीच, असं तिची सासू म्हणायची. मूशंगचे हात मात्र बघण्यासारखे होते. गलबताच्या फळ्यांमधली फट तो नुसत्या बोटाने चाचपून सांगे, इथून पाणी येणार. लिचीसारखं लोंगानचं फळ तो असं सोलायचा की साल एका तुकड्यात निघावी आणि गर तसाच्या तसा बाहेर यावा. दिवसभर चिरलेल्या बोटांना रस झोंबतो म्हणून तो हिला सोलू देत नसे, स्वतः सोलून तोंडात घालायचा.

"ल्यान मूशंग," फूने पुकारलं.

गलबताच्या फळीवरून एक माणूस उतरला आणि मेजासमोर उभा राहिला. तो मूशंग नव्हता.

यीनियांगला आधी वाटलं, फूने चुकून भलतंच नाव पुकारलं असेल. मग तिने त्या माणसाचा जबडा बघितला. पुढे आलेला, खालचा ओठ बाहेर. तसाच जबडा चार पावलांवर ज्वांग तांडेलाच्या तोंडावर होता. ज्वांगचा थोरला मुलगा वेनखाई लुझोनला जाऊन राहिलाय, सहा वर्षं झाली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांवर परदेशात राहिलेल्याला पुन्हा देशात पाय ठेवू द्यायचा नाही, हा बादशहाचा हुकूमही सगळ्यांना ठाऊक होता. लेकाला स्वतःच्या नावाने आणता येत नव्हतं. तांडेलाने दुसऱ्याचं नाव रिकामं केलं होतं.

फूने त्या माणसाचा हात धरून बोटं उजेडाकडे वळवली. डावा हात बघितला, उजवा बघितला, दफ्तर बघितलं. मग खुर्चीत मागे रेलून त्याने ज्वांगकडे असं पाहिलं की टोपलीतल्या कालवांची किंमत ज्वांगला तिथल्या तिथे कळावी.

"दफ्तरात एक माप आणि नऊ सुपं आहेत. इथे मापंच सात. मूशंगच्या घरचं कोणी आहे का?"

शिपायाने दोर वर केला आणि यीनियांग आत आली. ज्वांगने तिला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही. "काय गं, नवऱ्याला ओळखत नाहीस होय?" तो मोठ्याने म्हणाला. "तब्येत उत्तम आहे त्याची. लुझोनचं पाणी मानवलंय. अगदी ठणठणीत आहे."

म्हणजे मूशंग जिवंत होता. हा माणूस भर नाक्यावर, कारकुनाच्या नाकासमोर, तिला हे सांगत होता आणि त्याच्या मोबदल्यात तिची जीभ मागत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जबड्यावर कालवं फोडायची कोयती मारावी असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात डोक्यात दुसरा हिशेबही चालू होता. नाही म्हटलं तर ज्वांग आडवा होणार, पण त्याच्याबरोबर तिचा सख्खा भाऊही, कारण ज्वांगच्या गलबताला जामीन राहिलेल्यांत त्याची होडी होती. आणि लुझोनहून मूशंगला मग आणणार कोण? हो म्हटलं तर दफ्तरात मूशंग आजच घरी आला. एकदा आलेला माणूस पुन्हा येत नाही. त्याला परत यायला नावच उरणार नाही.

तिने त्या परक्याकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता. आणि तिला तिसरी वाट सुचली, आणि आपण किती शहाण्या आहोत असं क्षणभर वाटलंही.

"माझाच नवरा आहे," ती म्हणाली. "दफ्तर चुकलंय. ही नोंद आधीच्या फांग कारकुनांची, त्यांना मोतीबिंदू झालेला. मापाला सूप म्हणायचे आणि सुपाला माप. माझ्या नवऱ्याची मापं सातच आहेत. लग्नाच्या दिवसापासून बघतेय."

फांग कारकुनाचं नाव निघालं की फूच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. फांगला हुसकूनच तो या खुर्चीत बसला होता. गेल्या वर्षभरात त्याने फांगच्या किती चुका काढल्या ते त्याने तिथेच दोघातिघांना ऐकवलं, जुन्या नोंदीवर काट मारली आणि आपल्या वळणदार अक्षरात नवी लिहिली: सात मापं, तीन सुपं. खाली यीनियांगच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

ज्वांगने सुटकेचा श्वास सोडला आणि मुलाला खुणावलं. दिवस मावळला की मागच्या दाराने घरी न्यायचा, असा त्याचा बेत असणार. पण यीनियांगने पुढे होऊन वेनखाईचं मनगट पकडलं. "साहेब, नवऱ्याला घरी नेते," ती फूला म्हणाली. "सासूबाई वाट बघतायत." फू म्हणाला, ने की, मग आणखी कुठे जाणार तो. ज्वांगला सगळ्यांदेखत काही बोलता येईना. दोराबाहेरच्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. सगळ्यांना कळलं होतं, आणि प्रत्येकीचं कोणी ना कोणी त्या जामिनाच्या साखळीत होतं.

सासू दारातच उंबऱ्यावर थुंकली. लेक कुठाय आणि हा कोण, हे तिला एका दमात सांगितलं तरी ती ऐकून घेईना. "नवरा पाण्यात सोडला आणि परका घरात आणला," ती म्हणाली. "असली सटवी मी जन्मात बघितली नाही." त्या दिवसापासून ती आपली रताळ्याची पेज वेगळ्या मडक्यात शिजवू लागली.

वेनखाई कालवांच्या टोपल्या ठेवायच्या खोपटात झोपायचा. पोरगा तसा वाईट नव्हता, बापापुढे गोगलगाय होता इतकंच. त्याने सगळं सांगितलं. लुझोनहून निघायच्या सकाळी बापाने मूशंगला पाण्याचे घडे आणायला म्हणून किनाऱ्यावर धाडलं आणि शीड चढवलं. मूशंग कमरेइतक्या पाण्यात धावत आला होता. घडा खांद्यावर तसाच होता, तो टाकायचंही त्याला सुचलं नाही. यीनियांगने हे ऐकून घेतलं आणि वेनखाईला कालवांचे शिंपले वाहायला लावले. खांदे सोलवटून निघाले तरी लावले.

ज्वांग आला तो चांगल्या दिवसाउजेडी, हातात मिठाईचा पुडा घेऊन. यीनियांगने पुडा हातात घेतला नाही आणि बस म्हटलं नाही.

"माझा मुलगा दे," ज्वांग म्हणाला. "पुढच्या खेपेला तुझा माणूस आणतो. दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आणतो."

"म्हणजे दुसऱ्या कोणाला पाण्यात सोडणार. नको. मला माझा नवरा त्याच्या नावासकट हवा." ती हातातली कालवं फोडतच बोलत होती. "थंडीत वारा फिरला की तुमचा मुलगा मूशंग म्हणून जाईल. उन्हाळ्यात मूशंग म्हणून मूशंग उतरेल. तुमचा मुलगा जिथे होता तिथे राहू दे."

"आणि मी नाही आणला तर?"

"तर फू मला विचारेल, हा तुझा नवरा का? मी नाही म्हणेन."

"तुझा भाऊ आत जाईल."

"जाईल. खोटा अंगठा दिला म्हणून मीही जाईन. तांडेल, माझं गलबत नाही, माझा माल नाही. गोणपाट आहे आणि कोयती आहे. जप्त करू देत."

 ज्वांगचा तो जबडा हलला आणि तो हसला. "आणतो," म्हणाला. "जसा आणीन तसा घ्यायचा मात्र. आणि फूच्या दफ्तरात तू काय लिहून दिलंस, ते सावकाश आठवून बघ." पुडा तो जाताना परत घेऊन गेला. हरलेल्या माणसाची फुशारकी, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

उत्तरेचा वारा सुटला तेव्हा वेनखाई गेला. फूने त्याची बोटं पाहिली, सात मापं तीन सुपं, आणि दुरुस्त केलेल्या नोंदीकडे मोठ्या मायेने बघत त्याला सोडलं. ज्वांगच्या बायकोला लेकाला निरोपही देता आला नाही. दुसऱ्या बाईचा नवरा चालला होता ना. ती दोराबाहेर बाही तोंडात कोंबून उभी होती. यीनियांगला तिची दया आली नाही.

ध्यानात आलं ते हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी. त्या दिवशी घरोघरी तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळून गुळाच्या पाण्यात सोडतात. यीनियांग एकटीच वळत बसली होती. एक गोळी बोटात जरा जास्त दाबली गेली आणि पिठावर तिच्या अंगठ्याची रेघ उमटली, अगदी स्वच्छ. ती त्या गोळीकडे बघत राहिली. फूच्या दफ्तरात आता सात मापं होती. मूशंगला एकच होतं, डाव्या अंगठ्यावर. तो खरा मूशंग म्हणून उतरणार, फू त्याची बोटं उजेडाकडे वळवणार, आणि दफ्तर त्याला खोटा ठरवणार. तिचा स्वतःचा अंगठा त्याला खोटा ठरवणार.

तिने गोळी पिठात चुरडून टाकली. पण आता चुरडून काय उपयोग?

पुढचे महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. लुझोनला निरोप धाडायचा तर तिकडे जाणारी गलबतं निघून गेली होती. फूकडे जाऊन दफ्तर पुन्हा चुकलंय म्हणावं, तर तो विचारणार, मग गेल्या उन्हाळ्यात कोणाचा हात धरून नेलास? तरी एकदा ती कोंबडी घेऊन नाक्यावर गेली. साहेब, बोटांच्या रेघा कधी बदलतात का हो, तिने आडून आडून विचारलं. फूने कोंबडी ठेवून घेतली. "बाई, आभाळ बदलेल," तो म्हणाला. "बोटं नाही बदलत." सासूला सांगावं असं अनेकदा तिच्या जिभेवर आलं. पण वेगळ्या मडक्यात पेज शिजवणाऱ्या म्हातारीला काय सांगणार, की तुमच्या लेकाला मी दफ्तरातून पुसलाय?

दक्षिणेचे वारे लागले आणि पुढचं टोक हिरवं रंगवलेली गलबतं एकेक करून खाडीत शिरू लागली. ज्वांगचं आलं त्या दिवशी फूच्या मेजावर मेणाची लादी आणि शार्कचे पर होते. ज्वांगला अक्कल आली होती. पण आता ती येऊन उपयोग नव्हता. फूला त्या दुरुस्त केलेल्या नोंदीचा असा अभिमान होता, की येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती उघडून दाखवायचा. एवढी भेट पोचल्यावर त्याने बाकीची डोकी नुसती मोजली, पण मूशंगचं नाव मात्र हौसेने पुकारलं.

मूशंग फळीवरून उतरला. काळा पडलेला, गाल बसलेले, पण तोच. दोराअलीकडे सासूने हंबरडा फोडला तो ऐकून शिपायाच्याही डोळ्यांत पाणी आलं.  यीनियांग त्याच्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत कळकट चिंध्यांनी बांधलेले होते.

"सोड," फू म्हणाला.

मूशंगने दातांनी एक गाठ सोडली. दुसरी ज्वांगने सोडली, मोठ्या काळजीने, आजाऱ्याची सोडावी तशी. फू पुढे वाकला आणि झटकन मागे झाला. दहाच्या दहा बोटांची टोकं जळलेली होती. कुठे गुलाबी कातडी चकाकत होती, कुठे खपली, आणि दोन बोटांना नखं नव्हती. माप नव्हतं आणि सूपही नव्हतं.

ज्वांगने सांगितलं की फटी भरायला तेल आणि चुना उकळत होता, गलबत कलंडलं, बिचाऱ्याचे हात कढईत गेले. असं घडतं समुद्रावर. खलाशी पायांकडे बघत उभे राहिले. फूने बराच वेळ लेखणी उचलली नाही. उजवा हात, डावा हात, पुन्हा उजवा, असं तो बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याने कोणा खलाशाच्या चेहऱ्याकडेही नीट पाहिलं. मग तो यीनियांगकडे वळला.

"बाई, हाच तुझा नवरा? मागच्या वर्षी नेलास तोच?"

"हो," ती म्हणाली. "तोच."

हे एकच वाक्य, अर्धं खरं आणि अर्धं खोटं. फूने लिहिलं: दहाही बोटं तेलाने भाजली, वाचता येत नाहीत, बायकोने ओळखलं. तिने पुन्हा अंगठा दिला. ठसा फरफटला आणि फूने तो दुसऱ्यांदा घेतला.

ज्वांग तिच्या जवळून गेला. "आणलाय," तो हळूच म्हणाला. "मोजून घे." त्याची बायको दोराजवळ अजून फळीकडे बघत होती, कोणी आणखी उतरतंय का ते. कोणी उतरणार नव्हतं. ज्वांग आणि ती चढणीच्या वाटेने आपल्या घरी गेली.

इकडे यीनियांगच्या घरी सासूने दारात शुभ म्हणून लाल कागद लावला, कोंबडी कापली, शेवयांच्या रश्श्याचा वाडगा लेकाच्या तोंडाला लावला. पहिल्यांदाच तिने सुनेला चुलीशी बस म्हटलं. मूशंगला वाडगा धरता येत नव्हता. गरम आहे की गार तेही बोटांना कळत नव्हतं. आईने धरला तेव्हा त्याने ओठांनी चाचपून पाहिलं.

जेवणं झाल्यावर यीनियांगने लोंगानचा घोस आणला. ती सोलू लागली. साल तुटत होती, रस चिरांमध्ये झोंबत होता, तरी एक फळ सोलून तिने त्याच्या ओठांपाशी नेलं. त्याने तोंड उघडलं नाही.

"कढई कलंडली नव्हती," तो म्हणाला. "तांडेल म्हणाला, दफ्तरात आता तुझी बोटं नाहीत, दुसऱ्याची आहेत. या हातांनी उतरलास तर तू चोर. वाटलं तर इथेच राहा, वाटलं तर कढई तापलीये. मी विचारलं, कोणी बदललं? तो म्हणाला, घरी जाऊन विचार."

सासू बाहीला हात पुसत थांबली.

"हात मी स्वतःच बुडवले," मूशंग म्हणाला. "आधी डावा. त्या अंगठ्यावर माझं माप होतं म्हणून. तांडेलाने नुसतं झाकण काढलं." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "कोणी बदललं गं?"

तिच्याकडे कारणं पुष्कळ होती. भाऊ होता, जामीन होता, परत यायला नाव मोकळं ठेवायचं होतं. वर्षभर ती तीच घोकत आली होती. सोललेलं फळ तिच्या बोटांत तसंच होतं आणि रस मनगटावरून ओघळत होता.

"मी," ती म्हणाली.

मूशंग आईच्या बाजूला सरकून बसला आणि भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवले. म्हातारीने घोसातलं एक लोंगान तोडलं, नखांनी सोललं, आणि त्याने आ केला.